राही परटिणीचे ‘ते’

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर पाण्यातून चालत जावं लागे, तेव्हाची. पाथरवळ गावात राही नावाची परटीण होती. तिचा नवरा एका लष्कराच्या तळावर कपडे धुवायला गेला. जाताना म्हणाला, “थंडी पडायच्या आत येतो.” त्याचं नाव काय होतं, आज कुणालाच ठाऊक नाही. राही ते कधी घेत नसे, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही तेव्हाची रीत. म्हणून ते तिच्याबरोबरच गेलं.

थंडी पडली, तो आला नाही. त्याच थंडीत एकदा घाटावर खेळणारी पोरं ओरडली, “राहीकाकू, परीट आला!” हातातलं धोतर पाण्यात सोडून राही धावली. बघते तर तिच्या दगडावर एक काळापांढरा पक्षी, शेपटी खालीवर, खालीवर हलवतोय. दगडावर कपडे आपटल्यासारखी शेपटी हलवतो म्हणून आपल्याकडे त्या पक्ष्यालाही परीटच म्हणतात. पोरं हसली. राहीही हसली, आणि मग पदर तोंडाला लावून खाली बसली. धोतर तेवढं वाहून गेलं.

पुढच्या वर्षापासून ती त्या पक्ष्याची वाट बघायला लागली. एकट्या बाईला बोलायला दुसरं होतं तरी कोण? पाऊस सरला की तिचे डोळे नदीवर. आधी पाण्यावर घिरट्या घालणारे चतुर कमी व्हायचे. मग बेडूक गप्प व्हायचे. बाभळीवर सुगरणीची घरटी रिकामी झुलायची, गवतावरची कोळ्याची जाळी दवाने ओली दिसायची, कासवं उन्हाला दगडावर चढायची. एवढं सगळं झालं की दिवाळीच्या मागेपुढे एका सकाळी तो पक्षी यायचा. राही त्याला परीट म्हणत नसे. तिच्या लेखी परीट एकच होता. ती गावात जाऊन सांगे, “ते आले.”

आणि ते आले की थंडी आलीच. हे आधी एका म्हातारीने ताडलं, मग साऱ्या गावाने. गव्हाला थंडी लागते. उन्हात पेरला तर कोवळा जळतो. राहीच्या शब्दावर पेरणाऱ्याचा गहू कधी फसला नाही, असं म्हणतात. शेवटी गावाने पंचांग गुंडाळून ठेवलं. राही म्हणाली “ते आले” की तिफणी जुंपायच्या.

गाव तिला बलुत्याचा गहू देई. अर्धा ती खाई, अर्धा नवऱ्याचा म्हणून कणगीत टाकी आणि वरून शेणाने लिंपून घेई. म्हणे, “येतील तेव्हा भुकेले असतील.”

अशी बारा वर्षं गेली. बाराव्या वर्षी गावाची दशा वाईट होती. दोन वर्षं पाऊस नीट नव्हता, बियाणं एकदाच पेरता येईल एवढंच उरलं होतं. दसरा व्हायचा होता, ऊन नुसतं भाजत होतं. राही कपडे आपटत होती आणि पलीकडच्या काठावर एक माणूस उतरला. डोक्याला मुंडासं, त्यावर गाठोडं. वाकून त्याने पाणी घेतलं, ते अगदी तिच्या नवऱ्यासारखं, डाव्या हाताने.

राही गावाकडे पळत सुटली. पहिल्याच दारात ओरडली, “ते आले! ते आले!” तिचा चेहरा बघून कुणी काही विचारलं नाही. दारोदार शब्द गेला, तिफणी निघाल्या. ती परत नदीवर आली, तोवर माणूस अलीकडे पोचला होता.

“बाय, बाजाराची वाट कंची?” त्याने विचारलं.

तिने वाट दाखवली. मग दगडावर बसली ती दिवस मावळेपर्यंत. उठून गावाला सांगायला हवं होतं, पण तिला उठवेना. तिला दोष द्यायचा त्याने खुशाल द्यावा. मला देववत नाही.

गहू उगवला आणि पिवळा पडून जळाला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. मानाजी पाटील घाटावर आला.

“राहे, तूच म्हनलीस न्हवं, ते आले म्हनून?”

राही खाली बघून म्हणाली, “माजे आले वाटले, पाटील.”

पाटील तसाच परत गेला.

दिवाळी झाली, गारठा पडला आणि खरा पक्षी दगडावर येऊन बसला. गावात कुणाकडे मूठभर बियाणं नव्हतं. राहीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती घरी गेली आणि तिने कणगीचं लिंपण फोडलं.

“आता ह्ये कुनासाठी ठिवू?” ती पाटलाला म्हणाली. “पेरा.”

बारा वर्षांचा जुना गहू उगवत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण उगवला, असं म्हणतात. पायल्यांवर पायल्या काढल्या तरी कणगी सरेना, ती सरली शेवटच्या वावराच्या शेवटच्या ओळीला. असा गहू पाथरवळात पुन्हा झाला नाही. राहीचं घर मात्र त्या दिवशी खरंखुरं रिकामं झालं. तोवर निदान कणगीत कुणीतरी होतं.

पुढे एका थंडीत घाटावर तिची कपडे धोपटायची मोगरी तेवढी सापडली, आणि भोवती परीटच परीट, मोजता येऊ नयेत इतके. राही कुणाला दिसली नाही.

पाथरवळात अजूनही गव्हाची पेरणी पक्षी दिसल्यावरच होते. पेरणीआधी घरोघरी एक मूठ गहू बाजूला काढतात, त्याला ‘त्यांचा वाटा’ म्हणतात. नदीकाठच्या घरातली बाई गावात येऊन सांगते, “ते आले.” पण गावाने तेव्हापासून कानाला खडा लावलाय. तिफण जुंपण्याआधी पाटलाच्या घरातलं मोठं माणूस दारात उभं राहून विचारतं, “कोन? शेपटीवाले का मुंडाशावाले?”

बाई म्हणते, “शेपटीवाले.”

दुसरं उत्तर अजून एकदाही आलेलं नाही. तरी दरवर्षी विचारतात, आणि ती उत्तर देईपर्यंत सगळं गाव गप्प उभं असतं.