कवठाळचा गागरवाला

गोदावरीवर एकही धरण नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नांदेडच्या खाली, नदीकाठी कवठाळ नावाचं गाव. तिथल्या लहानशा गुरुद्वाऱ्यात रोज पहाटे नदीचं पाणी लागे. त्या पाण्याची गागर, म्हणजे घागर, लग्न न झालेल्या माणसानंच आणायची, असा रिवाज होता. कुणी पाडला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

निधानसिंग ऐन विशीत गागरवाला झाला. गुरुद्वाऱ्यात जमलेल्या साऱ्या संगतीपुढे त्यानं शब्द दिला, "गोदावरी वाहते आहे तोवर मी संसार करणार नाही."

त्याच्या खांद्यावरची गागर कधी हिंदकळत नसे, असं म्हणतात. हिंदकळे ती फक्त लंगरच्या दाराशी. तिथं केसर कौर कणीक मळत बसलेली असे.

"काय रे गागरवाल्या," ती म्हणे, "नदीपासून नीट येतोस, आणि चिखल माझ्याच दारात?"

तो मान खाली घालून जाई. ती त्याच्या पाठीकडे बघत राही. आलेली सगळी स्थळं तिनं परत पाठवली.

गुरुद्वाऱ्यात पाठ सांगणाऱ्या म्हाताऱ्या ग्यानीजींना हे दिसत होतं. ते एकदा त्याला म्हणाले, "आपल्या गुरूंनी संसार केले, लेकरं वाढवली. घरात राहूनच नाम जपा म्हणाले. देवाला एकटाच माणूस लागतो, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, बाबाजी. पण शब्द दिलाय."

मग असा दुष्काळ पडला की गोदावरी आटली. लोक म्हणाले, सुटला निधानसिंग. पण तो कुदळ घेऊन कोरड्या पात्रात उतरला आणि वाळू खणू लागला. खणून खणून हात सोलले, तरी पाणी लागेना.

केसर कौर त्याच्यापाशी येऊन उभी राहिली.

"पाणी लागलं, तर नदी वाहते आहे असंच धरशील ना?"

तो कुदळ मारत राहिला.

"मग सरक तिकडे. गावात लेकरं तहानली आहेत."

ती त्याच्याशेजारी बसून हातांनी वाळू उपसू लागली. वाळूखाली दोघांचे हात एकमेकांना लागले, आणि तिथूनच पाणी उसळलं, असं म्हणतात. संध्याकाळपर्यंत नदी दोन्ही काठांना लागली. गाव नाचत होतं. ती दोघं काठच्या ओल्या वाळूत बसून होती, हातभर अंतर ठेवून.

निधानसिंगनं केस पांढरे होईस्तोवर गागर वाहिली. तो गेला, तेव्हा पंच नवा बिनलग्नाचा मुलगा शोधू लागले. म्हाताऱ्या केसर कौरनं गागर उचलून संगतीपुढे ठेवली.

"त्या दिवशी पाणी त्याच्या एकट्याच्या हाताला लागलं होतं का? तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. मग हा रिवाज सोडा, असं तेव्हा कुणी का नाही बोललात? आम्ही दोघंही नाही बोललो."

पंचांनी मुलगा शोधणं सोडून दिलं.

तेव्हापासून कवठाळमध्ये लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरा-बायको मिळून नदीवरून गागर आणतात. येताना सारी वाट दोघांनी आपसांत बोलत यायचं. गप्प दिसली, तर म्हातारी माणसं त्यांना अडवतात आणि पुन्हा नदीवर पाठवतात.