कुरकुरणारा टेकू

फार पूर्वी एका डोंगराच्या पोटात चांदीची खाण होती. छत तोलायला खाणकऱ्यांनी दगडाचा एक जाड खांब न खोदता ठेवला होता आणि शेजारी सागाचा टेकू दिला होता. पण चांदीची शीर नेमकी त्या दगडी खांबातूनच गेलेली. मुकादम रंगोजीला राहवेना. तो रोज थोडा थोडा खांब फोडून घेई. दगड बारीक होत गेला, तसा भार टेकूवर आला आणि टेकू कुरकुरू लागला.

तो आवाज आला की माणसं टिकाव टाकून बाहेर पळत आणि काम थांबे.

"या लाकडाची कटकट नको," रंगोजी वैतागला. "काढा ते, लोखंडी टेकू लावा."

लोखंडी टेकू आला आणि खाण शांत झाली. माणसं गाणी म्हणत खोदू लागली. टेकूला टांगलेल्या कंदिलाला मात्र चैन पडेना, कारण त्याच्या काचेवर वरून सारखी माती झरत होती.

"भार वाढतोय का रे?" त्यानं हळूच विचारलं.

"कधीचाच वाढलाय," लोखंडी टेकू म्हणाला.

"मग बोलत का नाहीस? खाली आठ माणसं आहेत!"

"न बोलण्यासाठीच तर मला इथं आणलंय."