सारजाची तिसरी खेप

एका राज्यात पोपट माणसांची उणीदुणी काढीत आणि डोंगर पहाटेच्या वेळी कूस बदलीत. त्या राज्यात सारजा नावाची एक बाई राहत होती. काळकूप जादूगाराने ज्यांच्या सावल्या चोरल्या होत्या, अशा चाळीस माणसांचा ती सांभाळ करी. सावली नसलेल्या माणसाला ऊन लागले की तो मेणासारखा विरघळे. त्यांच्या डोक्यावरचे छप्पर मोडकळीला आले होते, आणि वैशाख महिनाभरावर होता.

गडावर हेमकेतू राजाकडे अपार सोने होते. त्याच्याकडे मागायला जाणाऱ्याने आधी त्याच्या एकशे आठ बिरुदांची स्तुती म्हणावी, अशी रीत होती. सारजाने ती पाठ केली. ती सत्तराव्या बिरुदाला आली तेव्हा राजाला डुलकी लागली. जाग आल्यावर त्याने मान वळवूनच तिच्या पदरात ओंजळभर मोहरा टाकल्या. गडाच्या दाराबाहेर पाऊल पडताच मोहरांचा पाचोळा झाला.

दारावरचा राघू खदखदून हसला. "आणखी एक आली, पाचोळा घेऊन गेली!"

"हसतोस काय मेल्या? तिकडे माझी माणसं विरघळतील."

राघू ओशाळला. "बाई, हा काळकूपाचा शाप आहे. तो एकदा याचक होऊन आला होता. राजाने त्याचं तोंड पाहिलं नाही, नाव विचारलं नाही, नुसतं सोनं फेकलं. तेव्हापासून हे असं. तू तीन खेपा कर. पहिल्या खेपेला ऐक. दुसऱ्या खेपेला खरं सांग. तिसऱ्या खेपेला त्याला गडाखाली आण. पण एकदाही मागू नकोस."

"दिवस थोडे आहेत रे."

"म्हणून तर सांगतो, घाई करू नकोस."

सारजा पहिल्या खेपेला गेली आणि स्तुती न म्हणता नुसती बसली. राजा गोंधळला. मग हळूहळू बोलू लागला. तरुणपणी त्याला पाथरवट व्हायचे होते. कोणता दगड गातो, कोणता रुसतो, हे तो सांगत राहिला. 'छप्पर' हा शब्द सारजाच्या ओठांपर्यंत चार वेळा आला. तिने तो गिळला. मग मात्र तिलाच गोडी लागली. तिने विचारले, "महाराज, उन्हात कोणता दगड तापत नाही?" राजा पहिल्यांदा हसला. "कुणासाठी विचारता?" म्हणाला, तेव्हा तिने सावली गेलेल्या आपल्या माणसांविषयी सांगितले, पण मागितले काही नाही.

दुसऱ्या खेपेला त्याने विचारले, "तुमची माणसं कशी आहेत?"

सगळे ठीक आहे म्हणावे, असे तिच्या मनात आले. पण ती म्हणाली, "गेल्या उन्हाळ्यात तिघं गेली, महाराज. चूक माझी. मी हलक्या लाकडाचे वासे घातले होते. भर दुपारी छप्पर खाली आलं."

राजा आसनावरून पुढे झुकला. मग त्याने विचारले, "नावं काय त्यांची?"

"दगडू, पारू आणि गोविंदबुवा."

त्याने ती नावे सावकाश, एकेक करून उच्चारली.

वैशाखाला चार दिवस उरले तेव्हा सारजा तिसऱ्या खेपेला गडावर गेली. "महाराज, आमच्याकडे जेवायला चला."

"गडाखाली मला फक्त मागणारे भेटतात."

"आमच्याकडे रांधणारी भागाक्का तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. ती कशाला मागेल? फार तर वाढताना रागावेल."

राजा आला. पिठलं-भाकरी झाली. एवढ्यात छपराच्या भोकातून उन्हाची तिरीप म्हाताऱ्या भागाक्काच्या खांद्यावर आली आणि खांदा पाझरू लागला. राजाने झटकन सेवकाच्या हातातले छत्र ओढले आणि तिच्यावर धरले.

"जरा इकडं धर की, बाबा," भागाक्का करवादली. "असा काय राजासारखा उभा राहिलास!"

सारजाने जीभ चावली. राजाने मात्र छत्र सरकवले. ऊन सरकेल तसा तोही सरकत राहिला. हात भरून आला, तरी सूर्य बुडेपर्यंत त्याने छत्र सेवकाकडे दिले नाही. तेवढ्या वेळात चाळीसही जणांची नावे त्याला ठाऊक झाली.

मग तो सारजाजवळ आला. "सारजाबाई, इथे न तापणाऱ्या दगडाचा मंडप बांधावा असं मला वाटतं. बांधू द्याल?"

सारजाने मान डोलावली. राजाने तिच्याकडे पाहत तिच्या हातावर मोहरांची थैली ठेवली. तिने भीतीने डोळे मिटले. आत पाचोळा सळसळला नाही. थैली जड होती आणि जडच राहिली.

त्याच घटकेला शाप तुटला आणि त्याबरोबर काळकूपाची सगळी जादू ओसरली. काळकूपाच्या गुहेचे दार उघडले आणि चाळीस सावल्या पाखरांच्या थव्यासारख्या येऊन आपापल्या माणसांच्या पायाशी बसल्या.

"आता मंडप कशाला?" राजा जरा हिरमुसून म्हणाला.

"उन्हाचं बसायला नको?" भागाक्का म्हणाली. "उद्या लवकर ये. आणि जेवायलाच ये."

राजा दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन उजाडताच हजर झाला. मंडप उभा राहायला वर्ष लागले, कारण तो प्रत्येक दगड सारजाला दाखवून मगच बसवी. असा मायेचा पाहुणा तुम्हांआम्हां सर्वांच्या दारी येवो. कहाणी पुरी झाली.