रूथबाईची ओळ

आमच्या म्हाताऱ्यांच्याही म्हाताऱ्यांनी ऐकलेली ही गोष्ट. आपल्या खडकओहोळ गावात तेव्हा मातीच्या भिंतींचं लहानसं चर्च नुकतंच उभं राहिलं होतं, आणि तिथली भजनं रचायचा शांतवन. ख्रिस्ती होण्याआधी त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हलगी वाजवायचे. त्याला चाल आधी सुचायची, शब्द मागून यायचे. तो गाऊ लागला की ओढ्याचं पाणी थबकायचं, असं म्हणतात.

पण चर्चमध्ये हलगी आणायची नाही, असं मंडळीतले वडीलधारे याकोबदाजी यांनी बजावलं. जुन्या देवांपुढे वाजलेलं चामडं प्रभूपुढे कसं चालेल, हे त्यांचं म्हणणं. आमच्या गावात शहाण्यांचा दुष्काळ कधीच पडला नाही. शांतवननं हलगी घरच्या आढ्याला टांगली आणि टाळ्यांवर भजनं म्हटली.

मग प्लेगचं वर्ष आलं. घराघरांत उंदीर मरून पडू लागले, तशी माणसं गाव सोडून माळावर खोपी बांधून राहिली. एक खोप इथं, तर दुसरी हाकेच्याही पलीकडं. एकत्र जमायला बंदी होती. कोण कधी गेलं, ते शेजाऱ्यालाही कळेना. मरणाचं भय होतंच, पण आपल्यावर भजन न होता एकट्यानं मरायचं भय त्याहून मोठं होतं.

तेव्हा शांतवननं एक भजन रचलं आणि लांबून लांबूनच प्रत्येक खोपीला त्यातली एकेक ओळ वाटून दिली. सांजेला टेकडीवर उभा राहून तो गाऊ लागला, पण त्याचा आवाज वाऱ्यानं नेला. पायथ्याच्या खोपीतून याकोबदाजी बाहेर आले.

"शांतवन, हलगी आण," ते म्हणाले. "देवाला चामड्याचा इटाळ कधीच नव्हता. आपल्यालाच व्हता."

दुसऱ्या सांजेला टेकडीवर हलगी कडाडली. शांतवननं विचारलं, "मेंढरं आली का, मेंढपाळा?" आणि एकेका खोपीतून ओळ येत गेली. शेवटची ओळ त्याच्याच खोपीची, त्याची बायको रूथबाई म्हणायची, "एकही राहिलं नाही मागं." ती ऐकली की माळ शांत झोपायचा.

ज्या खोपीतून ओळ येईना, तिकडं रूथबाई पाण्याची घागर घेऊन निघायची. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याची ओळ ती म्हणायची, मग परतून आपली. तोवर हलगी थांबायची नाही. शांतवन तिला अडवून पाहायचा.

ती म्हणायची, "गाणं तुमचं हाय, पर पानी कुणी न्यायचं?"

एका सांजेला उरलेल्या सगळ्या खोपींच्या ओळी आल्या आणि रूथबाईची आली नाही.

शांतवनला कळायचं ते कळलं. हातातली हलगी वाजत राहिली, बोटं फुटली, पण ती ओळ त्याच्या तोंडून निघेना. तिच्याशिवाय ती खरी कशी म्हणायची? मग पायथ्याशी याकोबदाजींचा थकलेला आवाज उठला. त्यापाठोपाठ दुसरी खोप, तिसरी, आणि बघता बघता सारा माळ तिची ओळ म्हणू लागला. रिकाम्या पडलेल्या खोपींतूनही आवाज आले, असं म्हणतात. शांतवन धावत खाली आपल्या खोपीत गेला तेव्हा रूथबाईचे डोळे मिटलेले होते. पण ओळ तिनं ऐकली होती, असं आम्ही मानतो. तसं मानल्यावाचून आम्हाला राहवतच नाही.

आजही सुगीनंतर देवाचे आभार मानायच्या उपकारस्तुतीच्या सणाला खडकओहोळचे लोक माळावर पांगून उभे राहतात. प्रत्येक घराची ओळ ठरलेली आहे, आणि नव्या सुनेला चूल दाखवण्याआधी ती शिकवतात. शांतवनला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे शेवटची ओळ कुठल्याच घराची नाही. तिच्याआधी टेकडीवर हलगी बराच वेळ एकटीच वाजते, आणि गाव वाट बघतं. मग सगळे एका आवाजात म्हणतात, "एकही राहिलं नाही मागं."