हौसाक्काचा पिसाचा गळ

मंडळी, विश्वास टाकायचा तर कुणावर? गोड बोलणाऱ्यावर, की स्वतःचं नुकसान होत असताना खरं सांगणाऱ्यावर? उत्तराची घाई नको. आधी हौसाक्का भोईणीची गोष्ट ऐका.

आपल्या पणजोबांचे पणजोबा रांगत होते, तेव्हाची ही गोष्ट. वैशाखात नदी आटली की सगळे खडस मासे घाटाखालच्या एका डोहात गोळा व्हायचे आणि भोयांची वस्ती त्यावर जगायची. एका वर्षी पाटलांकडे व्याही जेवायला येणार होते, आणि मासे कणकेच्या गोळ्याला तोंड लावीनात. जाळी खडकात अडकून फाटली. पाटील म्हणाले, "उद्या गेळफळं कुटून टाका पाण्यात."

हौसाक्का वेताचा मोठा हारा घेऊन पुढं झाली. गेळफळाच्या विषानं बोटाएवढी पिल्लंसुद्धा मरतात. मग पुढच्या साली वस्तीनं खायचं काय?

"पाटीलबाबा, दिवेलागणीपर्यंत हा हारा भरून देते. मग डोहाला कधी इख दावायचं न्हाई."

"आणि नाही भरला तर?"

"तर टाका तुमचं गेळफळ."

काठावर बसून तिनं एक पाहिलं होतं. ऊन कललं की पाण्यातून माशीएवढी राखी पाखरं उठायची आणि मासे तेवढीच टिपायचे. ज्याला जे रुचतं ते त्याच्यापुढे मांडावं, एवढं तिला कळत होतं. तिनं कोंबड्याच्या मानेचं पीस आपल्याच केसानं गळाला बांधलं.

"हौसे, ते खाऊन मासे आरवायला लागतील गं," जाऊ जनाबाई म्हणाली.

असं म्हणतात, ते पीस पाण्यावर असं टेकायचं की पाकोळ्यासुद्धा फसून झडप घालायच्या. माशामागून मासा येत गेला. हारा भरायला वीतभर उरला, तोच काठी कमानीसारखी वाकली. पाळण्याएवढी खडशीण वर आली, पितळी पत्र्यासारखे खवले, आणि पोट अंड्यांच्या गाभोळीनं तटतटलेलं. ती हाऱ्यात पडली की काम फत्ते. हौसाक्कानं गळ सोडवला आणि तिला दम येईपर्यंत पाण्यात धरून ठेवलं. मग हात सैल केले. तोवर पाखरं बसली, मासे खाली गेले.

"अगं, खाली पाला भर, वर मासे पसर," जनाबाई कुजबुजली. "कोण बघतंय?"

हौसाक्कानं हारा तसाच नेला.

"पाटीलबाबा, भरला न्हाई. गाभोळीची होती, सोडली."

 पाटलांनी गेळफळांचं पोतं उचलून चुलवणात रिकामं केलं.

"हरल्याचं जी स्वतः येऊन सांगते, तिच्या शब्दावर डोह सोडला," ते म्हणाले.

असं म्हणतात, त्याच घटकेला डोहावरची सारी पाखरं उठली आणि हौसाक्काच्या डोक्यावर पदरासारखी पसरली. ती घरी पोचेपर्यंत एकही तिला सोडून गेलं नाही.

अजूनही वैशाखात पहिली पाखरं उठली की तिथं जाळी गुंडाळून ठेवतात आणि पिसाच्या गळानंच मासे धरतात. घरी निघताना जो तो ओल्या हातानं काठावर उभा राहतो आणि काय धरलं, काय सोडलं, ते हौसाक्काला मोठ्यानं सांगतो. तुम्हीही कधी जाल त्या डोहावर. हारा उघडून बघणारं तिथं कुणी नसतं. तरी बाबांनो, हिशेब खरा सांगा.