इनासशेठचे स्वच्छ पाय

पवित्र गुरुवार होता. येशूने शिष्यांचे पाय धुतले, तसे फादर आज गावातल्या बारा जणांचे धुणार होते. वसईतले बडे बागायतदार इनासशेठ नवे कपडे घालून ऐटीत आले, तर पहिल्या जागेवर त्यांची म्हातारी आत्या मोनी बसलेली. वाडी शिंपून थेट आलेली, पाय चिखलाने भरलेले.

"आते, ऊठ. तुझ्यानंतर त्या गढूळ घंगाळात मी पाय घालू? पहिला मान माझा."

"पाय दाखव बघू," मोनी म्हणाली.

शेठनी पँट वर केली. "बघ, घरून साबणाने घासून आणलेत."

"मग इथे धुवायचं काय राहिलंय? देवाची कृपा मळलेल्या पायांसाठी असते. तू जा घरी."

चर्चभर खसखस पिकली. शेठ तणतणत बाहेर गेले आणि शेजारच्या केळीच्या वाडीत घोट्यापर्यंत चिखल तुडवून परत आले.

"घे. आता तरी पहिला नंबर?"

मोनीने सरकून जागा केली. "आता तू आमच्यातलाच झालास, बाबा. आणि आमच्यात नंबर नसतात. टेक इथे."