डोंगराच्या पोटातली भावंडे

पूर्वी शैलपूर नगरात राजा उग्रतेज राज्य करीत असताना बोधिसत्त्व अमात्यकुळात जन्मले आणि पुढे त्याचे अमात्य झाले. धाड पडली तर लेकीबाळींना आसरा हवा, म्हणून त्यांनी डोंगरात मोठे भुयार खोदवले. लोक त्याला डोंगरआईचे पोट म्हणत. शस्त्रे आणि पायताणे उंबऱ्याबाहेर काढायची, ‘आई, पोटात घे’ म्हणून आत शिरायचे. मग आतली सगळी एकाच पोटची भावंडे, अशी तिथली रीत.

एका हिवाळ्यात खरोखरच धाड आली. चारुमती तान्ह्या मुलाला घेऊन भुयारात शिरली. ती मुळातच घाबरट. बाळ रडले की तिला काळजी, आणि रडले नाही की त्याहून जास्त. दगडी दार लागले तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

बाहेर गारांचे वादळ सुटले. मग दारावर थापा पडू लागल्या. “उघडा हो! गारठून मरतोय आम्ही!”

शत्रूचेच सैनिक होते ते.

“मरा की!” आतून एक म्हातारी ओरडली. “आवतण दिलं होतं का कुणी?”

दाराशी बसलेले अमात्य उठले. चारुमती आडवी आली. “दादा, माझं लेकरू आहे हो आत.”

“बाहेरही कुणाची तरी लेकरंच आहेत, ताई.”

“आणि त्यांनी मारलं तर?”

“उंबऱ्यावर मी उभा आहे, आधी मला मारावं लागेल. पण त्यांना बाहेर मरू दिलं, तर हे आईचं पोट उरणार नाही. नुसतं बीळ होईल.”

चारुमतीची भीती काही गेली नाही. पण अडसर जड होता, आणि अमात्य एकटेच तो ओढत होते. बाळाला एका हाताने छातीशी धरून तिने अडसराचे दुसरे टोक उचलले.

अमात्यांनी फटीतून रीत सांगितली. तलवारी दगडावर खणखणल्या. निळ्या ओठांची माणसे अनवाणी, वाकून, ‘आई, पोटात घे’ म्हणत आत आली. त्या गलक्याने बाळाने भोकाड पसरले.

“उठवलंत ना भाच्याला!” म्हातारी शत्रूच्या सेनापतीवर खेकसली. “घ्या आता, मामा!”

सेनापतीने अवघडत हात पुढे केले. क्षणभर थांबून चारुमतीने बाळ त्याच्या हातात दिले.

वादळ निवळल्यावर सैनिक तलवारींकडे वळले. सेनापती म्हणाला, “राहू द्या. बहिणीच्या गावावर धाड कशी घालायची?” आणि ते रित्या हातांनी डोंगर उतरून गेले.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, “तो सेनापती म्हणजे आज संघात सर्वांत मृदू बोलणारा भिक्खू. चारुमती म्हणजे दाराशी लेकराला थोपटत बसलेली ही उपासिका. अमात्य मीच होतो. मनात भीती असतानाही जी अडसराला हात लावते, ती मैत्री.”